जादूची किंमत

मुलांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी चांगली की सुमार, हे ठरवताना सहसा दोन प्रश्न विचारले जातात. मुलांना ती आवडते का, आणि तिच्यातून मुले काय शिकतात. पहिला प्रश्न पालकांचा आणि प्रकाशकांचा, दुसरा शाळेचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्ही पुस्तकाच्या बाहेर उभे राहून विचारलेले आहेत. मुलांना आवडणे हे पुस्तक वाचले जाण्यासाठी आवश्यकच असते, परंतु मुलांना खूप काही आवडते आणि त्यातले बरेचसे वर्षभरात विसरलेही जाते. ‘काय शिकतात’ या प्रश्नाचे उत्तर तर पुस्तक न वाचताही देता येते, कारण प्रामाणिकपणा, धैर्य, मैत्री ही उत्तरे जवळपास प्रत्येक बालकादंबरीला लागू पडतात. माझे म्हणणे असे, की मूल्यमापनाची सुरुवात तिसऱ्याच प्रश्नाने व्हायला हवी. या कादंबरीतली जादू कोणत्या नियमाने बांधलेली आहे, त्या नियमाची किंमत कोण चुकवते, आणि लेखक स्वतः तो नियम शेवटपर्यंत पाळतो का? ज्या पुस्तकाकडे याचे उत्तर आहे, ते वर्गात न्यावे. आणि वर्गात नेल्यावर मुलांनाही हाच प्रश्न विचारावा. पुस्तक निवडायचे एका निकषावर आणि शिकवायचे भलत्याच हेतूने, अशी फारकत झाली की उत्तम पुस्तकसुद्धा वर्गात निष्प्राण होते.

अद्भुतकथेत काहीही घडू शकते, हा समज मुळातच चुकीचा आहे. जिथे काहीही घडू शकते तिथे कशाचीच चिंता वाटत नाही. नायक बुडायला लागला आणि लेखकाने त्याला त्याच क्षणी पाण्यावर चालण्याची विद्या दिली, तर पुढच्या वेळी तो बुडताना वाचणारे मूल निर्धास्त बसते. या प्रकारात कसदार लेखन करणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी १८९३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात असे मांडले, की लेखकाला आपल्या कल्पित सृष्टीचे नियम हवे तसे घडवता येतात, पण एकदा घडवले की ते त्यालाही मोडता येत नाहीत. नीतीचे नियम मात्र घडवायचीही मुभा त्याला नाही, ते त्याने आपल्या जगातून जसेच्या तसे न्यायचे असतात. टोल्किन यांनी १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले, त्यातही भर कल्पित जगाच्या अंतर्गत सुसंगतीवरच होता. वाचक त्या जगावर विश्वास ठेवतो तो या सुसंगतीमुळे, आणि ती तुटली की जादूही संपते. ई. नेस्बिट यांच्या १९०२ च्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’मध्ये हा नियम मुलांच्या अंगावरच येतो. वाळूत सापडलेला एक विचित्र प्राणी त्यांच्या इच्छा पुऱ्या करतो, पण त्या सूर्यास्तापर्यंतच टिकतात. मुले अतिशय सुंदर व्हायची इच्छा करतात आणि घरचेच त्यांना ओळखेनासे होतात. खाणभर सोन्याची नाणी मागतात आणि ती कुठल्याच दुकानात चालत नाहीत. इच्छा पुरी झाली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे, हे नेस्बिट कुठेही बोलून दाखवत नाहीत. ते घडताना दिसते.

या निकषावर एक पुस्तक नीट तपासून पाहू. उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढली. जाणत्या मुलांसाठी एखादी कादंबरी लिहा, असे प्रकाशकानेच ले ग्विन यांना सुचवले होते. १९६९ मध्ये तिला बोस्टन ग्लोब-हॉर्न बुक पुरस्कार मिळाला, आणि पुढे अर्थसी या कल्पित द्वीपसमूहावर त्यांनी आणखी चार कादंबऱ्या आणि कथासंग्रह लिहिला. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ. माणसांच्या समूहांना त्यांच्या चालीरीती, गाणी, नावे ठेवण्याच्या पद्धती यांतून समजून घ्यायचे, हा त्या घरातला व्यवसायच होता, आणि अर्थसीच्या बेटांवर तो ठायी ठायी जाणवतो. इथले शेळ्या राखणारे, नावा बांधणारे, हवामान सांभाळणारे मांत्रिक हे सगळे एका नांदत्या समाजाचे घटक आहेत. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावरचा गेड हा ब्राँझची कामे करणाऱ्या कारागिराचा आईवेगळा मुलगा. अंगी जन्मजात सामर्थ्य, आणि ते सगळ्यांना दाखवण्याची घाई तितकीच मोठी. रोक बेटावरच्या मांत्रिकांच्या शाळेत जॅस्पर नावाच्या मुलाशी लागलेल्या ईर्षेतून तो मृतांच्या जगातल्या एका स्त्रीला बोलावतो, आणि त्या फटीतून एक सावली या जगात शिरते. उरलेली कादंबरी म्हणजे त्या सावलीने केलेला गेडचा पाठलाग, आणि नंतर गेडने केलेला तिचा.

या जगाचे नियम दोन आहेत आणि दोन्ही वाचकाला लवकर कळतात. पहिला नावाचा. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते आणि ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवतात आणि ज्याच्यावर पूर्ण विश्वास त्यालाच सांगतात. दुसरा नियम समतोलाचा. सृष्टीत एका जागी काही हलवले की दुसऱ्या जागी काहीतरी हलते. गेडचा पहिला गुरू ओगियन हा भूकंप शमवणारा मांत्रिक म्हणून प्रसिद्ध आहे, पण पाऊस आला तरी हटवत नाही. झाडाखाली भिजत पडून राहतो. शिष्याला ते कोडेच वाटते. वापरायची नाही तर विद्या मिळवायची कशाला? पुढे शाळेत एका गुरूंनी खड्याचे रत्न करून दाखवल्यावर गेडला ते कायमचे रत्न हवे असते. त्यावर त्याला सांगितले जाते की दिसणे बदलणे सोपे, पण खड्याचे खडेपण बदलणे म्हणजे सगळ्या जगाची घडी बदलणे, आणि त्याचे परिणाम जोवर पूर्ण उमजत नाहीत तोवर त्याला हात लावायचा नाही. दुसरे गुरू म्हणतात की इथे ओढून आणलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. अगदी घरगुती पातळीवरही हा नियम टिकतो. गेडच्या मित्राची धाकटी बहीण यारो विचारते, की मंत्राने जेवण निर्माण होत असेल तर समुद्रप्रवासाला कोरडी भाकर बांधून न्यायची कशाला? उत्तर मिळते ते असे, की मायेचे जेवण जिभेला लागते, पोटाला लागत नाही. कादंबरी संपत आलेली असताना, सगळे लक्ष सावलीकडे लागलेले असताना, ले ग्विन एका लहान मुलीच्या तोंडून नियमाची पुन्हा परीक्षा घेतात. लेखकाच्या सचोटीची खूण मला इथे दिसते.

नियम असणे एक, त्याची किंमत चुकवावी लागणे वेगळे. गेडच्या उद्दामपणाची किंमत पहिल्यांदा दुसराच कोणीतरी चुकवतो. ती फट बुजवताना रोकचा वृद्ध महामांत्रिक नेमर्ल आपले उरलेसुरले सामर्थ्य खर्च करतो आणि मरतो. गेड जगतो, चेहऱ्यावर कायमचे व्रण घेऊन, कित्येक महिने अंथरुणावर, आणि उठल्यावर साधे मंत्र पुन्हा शिकत. त्यानंतरचा प्रसंग मला या पुस्तकातला सर्वांत धाडसी वाटतो. एका लहान बेटावर नावा बांधणारा त्याचा मित्र आहे, आणि त्या मित्राचा मुलगा तापाने मरायला टेकला आहे. गेड त्याला वाचवण्यासाठी मृत्यूच्या सीमेपर्यंत मागे जातो. मुलगा वाचत नाही, गेड मात्र जेमतेम परततो आणि त्या सीमेवर सावली त्याची वाट पाहत उभी असते. इथे गर्व नाही, ईर्षा नाही, निव्वळ माया आहे. तरीही नियम सवलत देत नाही. बहुतेक बालकादंबऱ्यांत नायकाचा हेतू शुद्ध असला की लेखक नियम सैल करतो. ले ग्विन तो सैल करत नाहीत, आणि म्हणूनच पुढे पेंडॉरच्या ड्रॅगनसमोर गेड उभा राहतो तेव्हा आपला श्वास अडकतो. ड्रॅगन त्याला सावलीचे नाव सांगायला तयार आहे. ते नाव म्हणजे गेडची सुटका. पण जुन्या पोथ्यांतून गेडने ड्रॅगनचे नाव अचूक ताडलेले आहे, आणि त्या बळावर एकच मागणी करता येणार आहे. तो स्वतःची सुटका सोडून बेटावरच्या कोळ्यांची सुरक्षितता मागतो. या निवडीला वजन येते ते आधीच्या प्रकरणांत प्रत्येक गोष्टीचा हिशोब चोख मांडल्यामुळे.

आता वर्गाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. सावलीला नाव आहे की नाही, याविषयी कादंबरीत परस्परविरोधी साक्षी आहेत. नेमर्लनंतरचा महामांत्रिक गेन्शर गेडला सांगतो की अशा शक्तींना नाव नसते. ड्रॅगन म्हणतो की तिचे नाव मी सांगू शकतो. ऑस्किल बेटावर एका माणसाच्या देहात शिरलेली सावली गेडला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते, जे नाव तिला ठाऊक असायचे काही कारण नाही. टेरेनॉनच्या किल्ल्यातली सेरेट सांगते की तिथला प्राचीन दगड ते नाव सांगेल. ओगियन ठामपणे म्हणतो की नाव प्रत्येक गोष्टीला असते. नंतर गेड सावलीच्या मागावर निघतो तेव्हा एका बेटावरची माणसे त्याला पाहून दचकतात, कारण हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा कोणीतरी नुकताच तिथून गेलेला असतो. एवढा पुरावा वाचकाच्या हाती दिल्यानंतरच कादंबरी शेवटच्या, दहाव्या प्रकरणात शिरते. खुल्या समुद्रात गेड आणि सावली समोरासमोर येतात आणि दोघे एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात, गेडच्या. ती त्याचाच भाग होती. कोणी मारले जात नाही, कोणी जिंकत नाही, तो एकसंध होतो. हा शेवट पहिल्या वाचनात धक्का देतो आणि दुसऱ्या वाचनात अपरिहार्य वाटतो, कारण नावाचा नियम पहिल्यापासून इकडेच चालला होता. नववे प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून मुलांना विचारावे, की आतापर्यंत या जगात जे नियम दिसले त्यांच्या आधारे पुढे काय होऊ शकते, आणि कोणत्या पानावरच्या कशावरून तुम्ही तसे म्हणता? काही मुले म्हणतील सावली मरेल, काही म्हणतील गेड मरेल. कोणीतरी त्या हाकेकडे बोट दाखवेल. सावलीला त्याचे नाव कसे कळले? उत्तर बरोबर येणे इथे दुय्यम आहे. मूल पुराव्यावरून तर्काकडे निघाले, कोणाची साक्ष किती ग्राह्य धरायची हे ठरवू लागले, की वाचन सुरू झाले. महामांत्रिकही चुकू शकतो, हे ते त्याच ओघात शिकते, आणि अधिकारपदावरच्या माणसाचे विधानही तपासायचे असते याचा इतका सुंदर धडा पाठ्यपुस्तकात सहज सापडणार नाही.

याउलट आपल्या वर्गांत काय घडते? मराठीत छापील बालवाङ्मयाची सुरुवातच बोधकथेने झाली. १८२० च्या दशकात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून गोष्टीखाली तात्पर्य लिहिण्याची रीत पडली आणि ती अजून सुटलेली नाही. बोधकथेसाठी ती योग्यच आहे, कारण बोधकथा तात्पर्यासाठीच रचलेली असते. कादंबरीला तीच मोजपट्टी लावली की घात होतो. ‘अर्थसी’चे तात्पर्य विचारा, सातवीचे कोणतेही हुशार मूल क्षणात सांगेल, गर्वाचे घर खाली. उत्तर चूक नाही, गुणही मिळतील. पण त्या उत्तराने पुस्तक हातातून निसटले. गर्वाचे घर खाली येते ते चौथ्या प्रकरणात, आणि त्यानंतर सहा प्रकरणे उरतात. त्या सहांत गेड नम्र झालेला आहे, तरीही नावा बांधणाऱ्या मित्राचे मूल मरते, तरीही सावली मागे लागते. शेवटी त्याला सोडवते ते नम्र होणे नव्हे. जे नाकारले, ज्याच्यापासून पळ काढला, ते आपलेच आहे असे नावानिशी कबूल केल्यावर तो सुटतो. हे कोणत्याही म्हणीत मावत नाही. ‘कोण कोणास म्हणाले’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हे प्रश्न स्मरणाची परीक्षा घेतात आणि त्यांना आपापली जागा आहे, पण जिथे पुस्तकाचे सगळे बळ एका प्रकरणाच्या दुसऱ्याशी लागणाऱ्या संबंधात आहे, तिथे सुटी वाक्ये विचारून हाती काही येत नाही.

वर्गात हे पुस्तक सातवी-आठवीच्या आधी नेऊ नये असे मला वाटते. प्रकरणे दहाच आहेत, आठवड्याला एक घेतले तर एका सत्रात आरामात होते. ले ग्विन यांची इंग्रजी जुन्या दंतकथांच्या ढंगाची आहे, वाक्ये लांब, संवाद कमी. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ती एकट्याने वाचताना जड जाईल, म्हणून शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवणे हाच उत्तम मार्ग. मराठी माध्यमाच्या वर्गात शिक्षकांनी बरीचशी गोष्ट मराठीत सांगावी आणि मोजके उतारे मूळ भाषेत वाचावेत. ही कादंबरी कथन केल्याने बिघडत नाही, ती सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या लयीतच लिहिलेली आहे. मुलांकडून एक वही ठेवून घ्यावी, तिच्यात प्रत्येक प्रकरणानंतर कोणती जादू झाली, कशासाठी झाली आणि तिची किंमत कोणी चुकवली एवढेच लिहायचे. पाचव्या-सहाव्या प्रकरणापर्यंत मुलांना आकृतिबंध आपोआप दिसू लागतो. पुस्तकातल्या नकाशावर गेडचा प्रवास आखायचा, म्हणजे तो कुठे पळतोय आणि कुठे वळतोय हे डोळ्यांना दिसते. नावाच्या नियमाला आपल्या मुलांच्या अनुभवात आधार आहे. पत्रिकेतले नावरस नाव वेगळे, बारशाला ठेवलेले वेगळे, घरी हाक मारायचे तिसरेच, आणि शाळेत मित्रांनी ठेवलेले, कधी नकोसे असणारे, चौथे. आपल्याला कोणत्या नावाने कोणी हाक मारावी हे कोण ठरवते, या प्रश्नावर वर्गात जी चर्चा होईल ती गेडच्या गोष्टीइतकीच खोल जाऊ शकते. समतोलाच्या नियमालाही दुवा आहे. महाराष्ट्रात २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. त्या पावसाने दुसरीकडचा पाऊस हिरावला जातो का, हा वैज्ञानिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कादंबरीत शोधायचे नाही. पण तो प्रश्न विचारायला हवा हे ज्या मुलाला सुचले, त्याला कादंबरीने काहीतरी दिले.

एक गंभीर आक्षेप इथेच घेतला जाईल. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यामागे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे दीर्घ काम होते, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे तर आपल्या राज्यघटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. अशा वेळी मांत्रिकांच्या शाळेची गोष्ट वर्गात कशाला? मुलांच्या मनावर अंधश्रद्धेचे संस्कार होणार नाहीत का? या आक्षेपाकडे मी दुर्लक्ष करू शकत नाही, कारण त्यामागची काळजी खरी आहे. अमेरिकेतही हॅरी पॉटरवर आक्षेप घेतले गेले, तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या नोंदींनुसार २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप याच मालिकेवर आले. पण तिथला आक्षेप मुख्यतः धर्माच्या बाजूने होता, आपला विवेकाच्या बाजूने आहे, आणि विवेकाच्या आक्षेपाला विवेकानेच उत्तर द्यायला हवे. भोंदू बाबा काय सांगतो? किंमत न मोजता फळ मिळेल, मला विचारू नका, माझ्यावर विश्वास ठेवा. ‘अर्थसी’ याच्या नेमके उलट सांगते. इथे प्रत्येक कृतीचा परिणाम होतो, तो शोधावा लागतो, तो कर्त्यालाही चुकत नाही, आणि मोठ्यात मोठ्या अधिकाऱ्याचे म्हणणे खोटे ठरू शकते. ज्या मुलाने सत्रभर ‘किंमत कोणी चुकवली’ हे लिहून काढले आहे, ते मूल फुकटच्या चमत्काराला भुलण्याची शक्यता कमी. शिवाय कल्पित आणि खरे यांतला भेद या वयाच्या मुलांना समजतो. मोठ्यांना जो गोंधळ दिसतो तो बहुधा मोठ्यांचाच असतो. अट एकच, गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली जावी. धोका तिथे आहे, जिथे कल्पित गोष्ट इतिहास किंवा विज्ञान म्हणून सांगितली जाते.

हे सगळे पलायन आहे, मुलांना खऱ्या जगाचे प्रश्न द्या, असेही म्हटले जाते. टोल्किन यांचे त्याला उत्तर होते, की कैद्याने सुटकेचा विचार करणे आणि शिपायाने रणातून पळणे यांत फरक आहे. ले ग्विन यांनीही १९७४ च्या एका निबंधात, अमेरिकी प्रौढांना कल्पनेची भीती का वाटते याची चिकित्सा केली. मला वाटते ‘अर्थसी’च्या बाबतीत हा आक्षेप टिकतच नाही, कारण या कादंबरीत पळून जाणे हाच मुख्य विषय आहे आणि पळणाऱ्याला ती कुठेच आश्रय देत नाही. गेड ससाण्याचे रूप घेऊन उडून जातो तेव्हा त्या रूपातच हरवण्याची वेळ येते, आणि ओगियन त्याला माणूस करून सांगतो की आता मागे वळ. मुले घाबरतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मृत मुलामागे जाण्याचा प्रसंग ज्या मुलाच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्याला सोसेल का, हे कोणताही निकष सांगू शकत नाही. ते वर्गशिक्षकांनाच ठाऊक असते. म्हणून हे पुस्तक वरून नेमलेले नसावे, शिक्षकांनी स्वतः वाचून, आपला वर्ग ओळखून निवडलेले असावे.

आणखी एक शंका अशी, की नियम, किंमत, पुरावा या भाषेत बोलले की अद्भुतातली गंमतच जाते, कादंबरी म्हणजे खेळाचे नियमपुस्तक होते. यात तथ्य आहे, कारण आजकाल बऱ्याच कादंबऱ्यांत जादूचे नियम खरोखरच संगणकीय खेळांसारखे असतात. इतके गुण जमवा, ही शक्ती मिळेल. तिथे नियम आहेत, पण शक्ती वाढत जाते तसतसे नायकाचे पर्याय वाढत जातात. रोकच्या शाळेत गेडला याच्या उलट सांगितले जाते. सामर्थ्य वाढते तसतशी वाट अरुंद होत जाते, आणि शेवटी जे करणे भाग आहे तेवढेच उरते. हा फरक मुलांना दाखवता येतो आणि तो दाखवणे म्हणजेच मूल्यमापन. नियमाचा आग्रह धरताना नियम एकाच जातीचा असावा असेही मला म्हणायचे नाही. १८६५ च्या ‘अ‍ॅलिस’मध्ये किंमत वगैरे काही नाही, पण तिथे भाषा आणि तर्क यांचा काटेकोर खेळ आहे, आणि दुसऱ्या भागात तर बुद्धिबळाचा पट आहे. लुईस कॅरोल गणिताचे अध्यापक होते, त्यांची असंबद्धताही शिस्तीची आहे. सी. एस. लुईस यांच्या १९५० च्या नार्नियाच्या पहिल्या कादंबरीविषयी मात्र माझे समाधान होत नाही. अस्लान मुलाच्या बदल्यात स्वतःचा जीव देतो आणि मग अधिक प्राचीन जादूच्या नियमाने परत उठतो, पण तो नियम वाचकाला आधी कुठेच दाखवलेला नाही. ख्रिस्ती परंपरेत वाढलेल्या वाचकाला तो बाहेरून माहीत असतो. इतरांना तो लेखकाने ऐनवेळी काढलेला वाटतो. कादंबरी त्यामुळे टाकाऊ ठरत नाही. वर्गात ती ‘अर्थसी’शेजारी ठेवून वाचली तर दोन्हींचे गुणदोष मुलेच शोधतील.

मूल्यमापन म्हणजे स्तुती नव्हे, आणि ‘अर्थसी’तही खोट आहे. आधी जमेची बाजू. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे लोक आहेत ते लूटमार करत येणारे कार्ग. हे पुस्तक गाजावाजा न करता, ओघात सांगते. मुखपृष्ठांवर मात्र गेड अनेकदा गोरा दाखवला गेला, आणि २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तो गोऱ्या नटाने केला, त्यावर ले ग्विन यांनी जाहीर निषेध नोंदवला. पहिल्या दोन प्रकरणांनंतर मुलांना गेडचे चित्र काढायला सांगावे आणि मग वर्णाचे उल्लेख शोधायला लावावेत. गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या जाहिरातींत वाढलेली आपली मुले नायक आपोआप गोरा रंगवतात का, हे त्यांना स्वतःच कळेल. उणी बाजू अशी, की रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही, आणि गॉन्टवर बायकांच्या जादूला कमकुवत आणि दुष्ट ठरवणाऱ्या म्हणी चालतात. कादंबरी त्या म्हणींना कुठे प्रश्न विचारत नाही. १९६८ चा काळ होता असे म्हणून हे झाकता येणार नाही, कारण वर्गात बसलेली मुलगी आजच्या काळातली आहे. ती विचारेल की ही शाळा माझी का नाही, आणि वहीत लिहिलेल्या नियमांत तिला याचे काही कारण सापडणार नाही. नावाच्या नियमात नाही, समतोलाच्या नियमात नाही. म्हणजे हा नियम त्या सृष्टीचा नाही, त्या समाजाचा आहे, आणि लेखिकेने तो न तपासताच राहू दिला. ले ग्विन यांना ते पुढे जाणवले. १९७१ च्या ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’मध्ये तेनार ही मुलगी कथेच्या मध्यभागी आली, आणि १९९० च्या ‘तेहानू’मध्ये तीच तेनार मध्यमवयीन शेतकरीण म्हणून परतली, सामर्थ्य गमावलेला गेड तिच्या घरी आश्रयाला आला, आणि बायकांच्या विद्येला दुय्यम ठरवणारी व्यवस्था उलगडून दाखवली गेली. ‘तेहानू’त लहान मुलीवर झालेल्या भयंकर अत्याचाराचे परिणाम आहेत, ते पुस्तक आठवीच्या वर्गासाठी नाही. ‘अटुआन’ मात्र आहे, आणि पहिल्या पुस्तकाची वही भरून झाल्यावर ज्या मुलींनी तो प्रश्न विचारला असेल त्यांच्या हाती ते आधी द्यावे.